माँटगोमेरी ते सेल्मा: खटल्यांच्या क्रमाने दोन दिवस

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातली काळ्यांच्या नागरी हक्क चळवळीची ही ठिकाणं नकाशावरच्या ठिपक्यांसारखी पाहिली तर फलक वाचून परतणं होतं. त्या चळवळीतल्या खटल्यांच्या तारखा धरून गेलं तर त्यांचा एकमेकांशी संबंध लागतो. माँटगोमेरीत दोन रात्री आणि भाड्याची गाडी पुरते. अटलांटाहून आय-85 ने साधारण 160 मैल, अडीच तास. येताना घड्याळ तासभर मागे जातं. परतताना तोच तास कापला जातो आणि विमान चुकतं ते त्यामुळे. गुलामगिरी आणि वर्णभेदाचा इतिहास मांडणारं लेगसी म्युझियमही बघायचं असेल तर बुधवार ते रविवार गाठा. आत फोटो काढू देत नाहीत.

पहिला दिवस पायी. रोझा पार्क्स म्युझियममध्ये आधी बसची बैठक समजून घ्या: 36 जागा, पुढच्या 10 गोऱ्यांच्या, मागच्या 10 काळ्यांच्या, मधल्या 16 ड्रायव्हरच्या मर्जीवर. 1 डिसेंबर 1955 ला पार्क्स या मधल्या भागात पहिल्या ओळीत होत्या आणि गोऱ्या प्रवाशासाठी उठायला त्यांनी नकार दिला. त्यांना 10 डॉलर दंड आणि 4 डॉलर कोर्टखर्च झाला. पण बस खुली करणारा खटला त्यांचा नव्हेच. त्यांचं प्रकरण राज्याच्या कोर्टात अडकणार हे ओळखून वकील फ्रेड ग्रे यांनी 1 फेब्रुवारी 1956 ला फेडरल कोर्टात ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ दाखल केला. त्यातली एक फिर्यादी क्लॉडेट कॉल्विन पार्क्सच्या नऊ महिने आधी, पंधराव्या वर्षी, अशीच जागा न सोडल्यामुळे पकडली गेली होती. 5 जूनला 2-1 ने निकाल लागला, 13 नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टाने तो कायम केला. काळ्यांनी शहरातल्या बसवर घातलेला 381 दिवसांचा बहिष्कार मिटला तो हा आदेश शहरात पोचल्यावर.

2-1 मधल्या त्या 2 न्यायाधीशांतले एक, फ्रँक जॉन्सन. त्यांच्या नावाचं कोर्ट आणि जुनं ग्रेहाउंड स्थानक, जिथे 1961 मध्ये फ्रीडम रायडर्सना (बसमधला वर्णभेद मोडायला एकत्र प्रवास करणाऱ्या काळ्या-गोऱ्या कार्यकर्त्यांना) बेदम मारलं, शेजारी-शेजारी आहेत. स्थानकात आता म्युझियम आहे. कोर्ट बाहेरून पाहिलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी महामार्ग 80 ने न थांबता सेल्मा गाठा, सुमारे 50 मैल. बघायचं ते परतीच्या वाटेवर, 1965 च्या मताधिकार मोर्च्याच्या दिशेने. एडमंड पेटस पूल शहराच्या बाजूनेच चढा. पूल मध्ये उंचावलेला आहे. माथ्यावर पोचेपर्यंत पलीकडचं टोक दिसत नाही. 7 मार्च 1965 ला पोलिसांची रांग मोर्चेकऱ्यांना दिसली ती तिथेच; पोलिसांनी मारहाण करून त्यांना मागे हटवलं. वाहतूक चालू असते, फोटोसाठी रस्त्यावर उतरू नका. मार्चचा पहिला शनिवार-रविवार स्मरणसोहळ्याचा, हॉटेलं महिनोन् महिने आधी भरतात.

नंतरचा मोर्चा निघाला तो जॉन्सन यांच्या 17 मार्चच्या आदेशावर. रस्ता दुपदरी होतो तिथे 300 माणसांची मर्यादा त्यांनीच घातली होती. लाउंड्स काउंटीत हा पट्टा लागतो. मोर्च्याची माहिती देणारं नॅशनल पार्कचं केंद्र इथेच आहे, प्रवेश मोफत. वेळा आदल्या दिवशी तपासा. 1965 च्या सुरुवातीला या काळ्या बहुसंख्येच्या काउंटीत एकही काळा मतदार नोंदलेला नव्हता. मतदार होण्यासाठी आधीच्या मतदाराने हमी द्यायची, मग हमी देणार कोण? 6 ऑगस्टच्या मताधिकार कायद्याने हे मोडलं. मतदानाचे नियम बदलण्याआधी अशी अडवणूक करणाऱ्या राज्यांना केंद्र सरकारची मंजुरी घ्यावी लागे. ती कोणाला लागू, हे ठरवणारं सूत्र 2013 मध्ये अलाबामातल्याच शेल्बी काउंटीच्या खटल्यात 5-4 ने रद्द झालं.

पेट्रोल सेल्मातच भरून घ्या, मध्ये पंप कमी आहेत. माँटगोमेरीत कॅपिटॉलच्या (राज्याच्या विधानभवनाच्या) पायऱ्यांपाशी उजेड असतानाच पोचा; मोर्चा 25 मार्चला तिथे संपला.