रेघ कुठल्या बाजूला

परवा दुपार कलताना मामांना घेऊन बेळगावातनं शिनोळीकडं निघाले होते, चंदगडकडचे काजू आणायचं निमित्त, खरं म्हणजे मामांना घरात बसून कंटाळा आलेला. हिंडलगा गेलं, सुळगा गेलं, उचगाव क्रॉसच्या पुढं रस्ता जरा वळला आणि सूर्य बरोबर तोंडावर आला. आणि सकाळी अर्धा तास घाम गाळून पुसलेली पुढची काच एकदम दुधाळ झाली. रेघा नुसत्या. शेणानं सारवलेल्या अंगणात हाताच्या फेऱ्या उमटतात तशा, अर्धगोल, एकात एक. सावलीत उभ्या गाडीत याच काचेकडं बघून मी स्वतःवर खूश झाले होते.

काच पुसण्याचं मला वेड आहे हे घरात सगळ्यांना माहितीय. बाकी गाडीला दोन दोन आठवडे पाणी लागत नाही, दारावर कुणीतरी बोटानं नाव लिहून जातं, माझं काही म्हणणं नसतं. पण पुढची काच म्हटलं की मला चैन पडत नाही. त्यात आमच्या टिळकवाडीत गाडी लावायची ती आंब्याखाली, दुसरी जागाच नाही. मोहर आला की ते तुडतुडे वरनं जो चिकटा सोडतात तो काचेवर बारीक बारीक थेंबांनी बसतो, त्यावर धूळ बसते, आणि निपाणी-संकेश्वरकडं एक चक्कर झाली की उसाच्या पेटवलेल्या फडाची काजळी. अशा काचेवर चुकून वायपर फिरवला तर जे काय होतं ते सांगण्यासारखं नाही. आणि धुवायला बोअरचं पाणी. वाळलं की पांढरे ठिपके, तव्यावर डोशाचं पीठ शिंपडल्यासारखे. त्याला व्हिनेगर लागतं, साध्या पाण्याला ते दाद देत नाहीत. मी तर नळाला राकसकोप धरणाचं पाणी आलं की एक बादली खास काचेसाठी बाजूला ठेवते, यावरनं आईनं माझा बराच उद्धार केलाय.

पण खरी गंमत, म्हणजे खरा वैताग, वेगळाच आहे. रेघ दिसते, पण ती बाहेरनं आहे की आतनं ते काही केल्या कळत नाही. बाहेरनं पुसा, आहे तिथंच. आत जाऊन डॅशबोर्डवर आडवं पडून, मान मोडून पुसा, तरी आहे तिथंच. मग परत बाहेर. असं मी एका रविवारी सात वेळा आत-बाहेर केलंय, समोरच्या घरातल्या अक्का गॅलरीतनं बघत होत्या, शेवटी म्हणाल्या, ‘काय हरवलं काय गं?’ आतल्या बाजूला तर माणसानं हात लावला नाही तरी एक चिकट थर बसतो, उन्हात डॅशबोर्डचं प्लॅस्टिक तापून त्याची वाफ काचेवर बसते, नव्या गाडीला जास्त. वर ही काच म्हणजे एक काच नव्हेच, दोन काचा आणि मधे प्लॅस्टिकचा पापुद्रा, दगड लागला तरी चुरा होऊन अंगावर येऊ नये म्हणून. मला मधेच शंका यायची की रेघ त्या पापुद्र्यातच असेल, म्हणजे जन्मभर पुसत बसा.

शेवटी एक युक्ती सापडली. बाहेरनं पुसायचं आडवं आणि आतनं पुसायचं उभं. रेघ आडवी दिसली तर बाहेरची, उभी दिसली तर आतली. एवढी साधी गोष्ट कळायला माझी दहा वर्षं गेली. परवाच्या अर्धगोल फेऱ्या कुठल्या खात्यात घालायच्या ते मात्र विचारू नका, सकाळी घाईत हात कसा फिरला देव जाणे.

कशानं पुसायचं यावर आमच्या गल्लीत दोन पक्ष. आम्ही तरुण भारतच्या रद्दीनं पुसतो, पलीकडचे पाटील कन्नड पेपरनं. दोघांच्याही काचेवर रेघा सारख्याच, हात तेवढे दोघांचे काळे. मायक्रोफायबरची फडकी पण आणून झाली, तर कामवाल्या मावशींनी ती कपड्यांबरोबर कम्फर्टमध्ये, म्हणजे कपडे मऊ करायच्या त्या लिक्विडमध्ये, बुडवली, आणि त्यानंतर त्या फडक्यानं काच पुसली की तेलाचा हात फिरवल्यासारखी दिसायची. सगळ्यात बेस्ट काय असेल तर जुना बनियन. पण धुऊन धुऊन विरलेला पाहिजे.

हे बनियनचं ज्ञान मामांचं. मामा ट्रकवर होते, निपाणीतनं तंबाखूची पोती घेऊन जायचे. 1981 ला शरद जोशींच्या आंदोलनात तंबाखूचे शेतकरी हायवेवर ठाण मांडून बसलेले, तेव्हा आपली गाडी कशी अडकली हे ते अजून सांगतात, दरवेळी अडकल्याचे दिवस वाढत जातात. मे महिन्याच्या सुट्टीत मला कधीमधी केबिनमध्ये घ्यायचे आणि माझं काम ठरलेलं, गाडी थांबली की आतनं काच पुसायची. वळवाच्या पावसात एकदा तवंदी घाटात वायपर बंद पडला. म्हणजे वर गेला तो वरच राहिला, शाळेत उत्तर येत नसताना वर राहिलेल्या हातासारखा. समोर काही दिसेना. मामांनी गाडी बाजूला घेतली, लुंगी वर खोचली, चंची काढली आणि पावसात बंपरवर चढून मूठभर तंबाखू काचेवर चोळायला लागले. मी आतनं बघत्येय, काचेपलीकडं मामांचा तळहात, भाकरी थापल्यासारखा गोल गोल फिरणारा, आणि त्याच्यामागं तपकिरी ओघळ. आत येऊन बसले तर थेंब थेंब गेलेले, पाणी सलग पडद्यासारखं खाली घसरत होतं आणि रस्ता दिसत होता. वाकडातिकडा, पण दिसत होता. तंबाखू नसली तर कापलेला बटाटा पण चालतो म्हणाले. अमेरिकेतल्या मेरी अँडरसनबाईंनी न्यूयॉर्कमध्ये ट्रामचा ड्रायव्हर काच उघडी टाकून गारठत गाडी हाकताना बघितला आणि 1903 साली वायपरचं पेटंट घेतलं, हे मी मोठेपणी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, ‘तंबाखू खाईत नसंल तो.’

तर हेच मामा दिवाळीत आमच्याकडं राहायला आले. रात्री गाडीत शेजारी बसले की सुरू. काच नीट पुसली नाहीस, समोरच्या गाडीचा लाईट फुटूलालाय बघ. आता मला कुणी काचेवरनं बोललं की लागतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिनेगर, मग साधं पाणी, मग बनियन. आडवं, उभं. रात्री परत तेच. वायपरचं रबर बदललं. तिसऱ्या दिवशी सकाळी मामा गाडीपाशी आले, ‘काय पुसूलालीस गं एवढं?’ आणि मला इतका राग आला की मी बोललेच नाही.

पुढं डोळ्याच्या डॉक्टरांकडं मामांच्या चष्म्याचा नंबर काढायला गेलो तर मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात चांगला पिकलेला. समोरचा लाईट फुटणार नाही तर काय होणार म्हणाले.

घरी येताना मला एकदम गेल्या मे महिन्यातली गोष्ट आठवली. कोल्हापूरचं लग्न आटपून रात्री अकराला निघालो होतो आणि हौसेनं मामाच चालवायला बसलेले. मागं आम्ही पाच जण, पोरं मांडीवर झोपलेली. तवंदीला ते गाडी फारच हळू घेत होते म्हणून मी मनात चिडले होते. त्यानंतर त्यांनी स्टेअरिंगला हात लावला नाही. कंबर दुखते म्हणायचे. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

डिसेंबरात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आणि परवा त्या उचगाव क्रॉसच्या पुढं, सूर्य तोंडावर, मी मुकाट गाडी चालवत्येय, म्हटलं मामांच्या काही लक्षात येत नसेल. बाचीपर्यंत काही बोलले नाहीत. मग पुढं वाकले आणि माझ्या काचेवर आतनं बोट टेकवलं, चांगला ठसा उमटेल असं.

‘हितं रेघ ऱ्हायलीय बघ. बाहेरनं हाय.’

बाहेरनंच होती.