होकायंत्र, 1 नग

नोकरीला लागल्यावर मी स्वतःहून मागवलेली पहिली वस्तू म्हणजे 180 रुपयांचं होकायंत्र. अकाउंट्सने बिल परत पाठवलं. वर पेनाने शेरा: 'सॉफ्टवेअर टीमला होकायंत्र कशासाठी?' शंका रास्तच होती म्हणा. तोवर मलाही त्याचं उत्तर नीट माहीत नव्हतं.

मी इचलकरंजीची. वडिलांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. यंत्रमागाच्या मोटारी, विहिरीवरचे पंप, सगळं येतं. 2020 साली अवकाशक्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालं, त्यानंतर बेंगळुरूत लहान लहान कंपन्या उभ्या राहिल्या, त्यातल्या एकीत मी 2022 साली चिकटले. काम काय, तर उपग्रहाच्या आतल्या कॉम्प्युटरवर जे सॉफ्टवेअर चालतं ते तपासणं. त्या कॉम्प्युटरला सगळे 'ओबीसी' म्हणतात, ऑनबोर्ड कॉम्प्युटर. फोनवर घरी एकदा बोलून गेले, 'आज आमचा ओबीसी सारखा रीसेट होतोय,' तर काका पलीकडून आरक्षणावर सुरू झाले.

पहिल्या महिन्यात रॉकेट सोडाच, उपग्रहही दिसला नाही. एका लांब टेबलावर हिरव्या पाट्या मांडलेल्या, त्यांच्यामधून वायरींचं जंजाळ. याला फ्लॅटसॅट म्हणतात: उपग्रह उलगडून पापडासारखा टेबलावर पसरलेला. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधून त्याच्यासमोर बसायचं. मला दिलेलं पहिलं काम होतं एक कमांड पाठवणं, जिचा अर्थ एवढाच की 'आहेस का?' युरोपीय प्रमाणपद्धतीत तिला 17,1 म्हणतात. सगळं ठीक असेल तर 17,2 परत येतं, म्हणजे 'आहे'. माझा 'आहेस का' पहिले दोन दिवस कुठे पोचतच नव्हता, कारण सहा बाइटच्या हेडरमध्ये मी एक आकडा चुकीच्या जागी भरत होते. तिसऱ्या दिवशी 'आहे' आलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. शेजारच्याने हेडफोनही काढला नाही.

मग हळूहळू कळत गेलं की या सॉफ्टवेअरचा स्वभावच निराळा. मोबाइलचं ॲप बंद पडलं तर माणूस शिव्या देऊन पुन्हा उघडतो. इथे उघडायला कोणी नाही. पाचशे किलोमीटरवरचा उपग्रह दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी मारतो आणि एका ग्राउंड स्टेशनला एका वेळी फार तर दहाएक मिनिटं दिसतो. उरलेल्या वेळात जे काय बिनसेल ते त्याने स्वतःच निस्तरायचं. कॉम्प्युटर अडकला तर वॉचडॉग, म्हणजे त्याच्यावर नजर ठेवणारा टायमर, त्याला रीसेट करतो, अवकाशातल्या एखाद्या कणाने मेमरीतली एक बिट उलटवली तर तीही ओळखून दुरुस्त व्हावी लागते. म्हणून लिहिणाऱ्यांच्या बरोबरीने तपासणारे.

तपासायला सिम्युलेटर असतो. त्याचं काम ओबीसीला फसवणं. टेबलावर निवांत पडलेल्या पाटीला तो सांगतो, तू आत्ता विषुववृत्तावर आहेस, इतक्या वेगाने गिरक्या घेतोयस, सूर्य डाव्या हाताला आहे. बिचारी पाटी विश्वास ठेवते आणि त्याप्रमाणे हालचाली करायला बघते.

माझ्याकडे आलेला भाग म्हणजे पहिल्या काही तासांतलं गिरक्या थांबवणं. रॉकेटपासून सुटलेला उपग्रह गडबडा लोळत असतो. आमच्या उपग्रहात तो शांत करायला तीन चुंबकी दांड्या होत्या, लाटण्याएवढ्या, तांब्याची तार गुंडाळलेल्या. एक्स, वाय, झेड अशा तीन दिशांना एकेक. चुंबकमापक पृथ्वीचं चुंबकक्षेत्र कसं बदलतंय ते बघतो, सॉफ्टवेअर त्या बदलाच्या उलट दांड्यांमध्ये करंट सोडतं, आणि काही फेऱ्यांमध्ये लोळणं थांबतं. दांडी चालू असताना चुंबकमापक आंधळा होतो, म्हणून आधी मोजायचं, मग ढकलायचं, मग पुन्हा मोजायचं. इंजिन नाही, इंधन नाही. फार देखणी युक्ती आहे, मला अजूनही आवडते.

चिन्ह मात्र बरोबर पाहिजे. अधिकच्या जागी उणे झालं तर हीच युक्ती उपग्रहाला आणखी गरगर फिरवते.

आमच्या 312 टेस्ट होत्या आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सगळ्या हिरव्या झाल्या. सोमवारी आढावा बैठक, त्यानंतर उपग्रह कंपनचाचणीसाठी दुसरीकडे जाणार. माझ्या वाट्याला पडताळणीचा तक्ता भरायचं काम: प्रत्येक गोष्टीसमोर ती कशी तपासली ते लिहायचं. 'दांड्यांची दिशा' या ओळीसमोर आधीच भरलेलं होतं, 'विश्लेषणाने'. म्हणजे कागदावर.

त्या रात्री वडिलांचा फोन. काय करतेस विचारलं म्हणून मी दांड्यांचं सांगितलं. तार गुंडाळलेली वस्तू म्हटल्यावर त्यांचा जीव लगेच रमला. सगळं ऐकून म्हणाले, "ते ठीक हाय. पण कुठल्या अंगाला फिरतंय ते डोळ्यानं बघितलंस का?"

हा आमच्या दुकानातला नियम. थ्री-फेज मोटारीच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की ती उलटी फिरते. आवाज तोच, करंट तोच, मीटरला काही कळत नाही. पंप मात्र पाणी धड उचलत नाही. म्हणून मोटर बसवण्याआधी एक क्षण सप्लाय देऊन शाफ्ट कुठे वळतो ते बघायचं. कनेक्शन आपण स्वतः केलेलं असलं तरी.

मी म्हटलं, "नाही बघितलं, पप्पा. कॉम्प्युटरवर बघितलं."

"कॉम्प्युटर काय, तू सांगशील तेच दाखवनार की."

आमच्याकडे एक सल्लागार येत. सरकारी अवकाशकार्यक्रमात आयुष्य काढून निवृत्त झालेले. आपसांत आम्ही त्यांना आजोबा म्हणायचो. शनिवारी सकाळी मी त्यांना भीतभीतच विचारलं, की दिशा प्रत्यक्ष तपासता येईल का. त्यांनी एकच विचारलं: "सिम्युलेटर कोणी लिहिला?" ज्याने दांड्यांचं सॉफ्टवेअर लिहिलं त्यानेच, मी म्हटलं. "आणि दोन्ही कशावरून लिहिले?" एकाच इंटरफेस डॉक्युमेंटवरून, म्हणजे कुठला भाग कसा बसतो नि जोडतो ते लिहिलेल्या कागदावरून. ते हसले नाहीत. म्हणाले, "होकायंत्र घेऊन ये, अम्मा."

शाळेच्या सामानाच्या दुकानात मिळालं. उपग्रह ठेवलेल्या धूळविरहित खोलीच्या, क्लीनरूमच्या, दारात क्वालिटीवाल्याने अडवलं, चुंबक आत न्यायचं नाही. मग आजोबांचा फोन, मग अल्कोहोलने तीनदा पुसणं, मग वहीत नोंद: 'होकायंत्र, 1 नग, आत.'

उपग्रह असा हाताच्या अंतरावर मी तेव्हा पहिल्यांदाच बघत होते. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याहून थोडा मोठा. आधी ट्रॉली सावकाश फिरवून चुंबकमापकाचे आकडे सुईशी जुळतात का ते पाहिलं. जुळले. मग एक्सच्या बाजूला वीतभर अंतरावर होकायंत्र धरलं, काचेपलीकडून सहकाऱ्याने कमांड सोडली: एक्स, अधिक दिशा. दांडीचं माझ्याकडचं टोक उत्तर ध्रुव व्हायला हवं, म्हणजे सुईचं लाल टोक माझ्याकडे, दांडीपासून दूर वळायला हवं. वळलं. झेड उभी, तिच्यासाठी वरच्या टोकाशेजारी धरावं लागलं. तिथेही लाल टोक दूर.

वायला लाल टोक गर्रकन उपग्रहाकडे वळलं आणि तिथेच थरथरत राहिलं.

माझा पहिला विचार, मीच काहीतरी चुकलेय. खिशात फोन? बाहेर ठेवलेला. ट्रॉलीचं लोखंड? जागा बदलली. पुन्हा कमांड. पुन्हा लाल टोक आत. उणे दिशा पाठवली तर दूर. सहा वेळा केलं. गाऊनच्या आत घामाची धार लागलेली, आणि काचेपलीकडे सहकारी दोन्ही हात पसरून 'काय?' विचारत होता.

कारण दुपारपर्यंत सापडलं, आणि ते इतकं साधं होतं की राग यावा. वायरी नीट वळाव्यात म्हणून मेकॅनिकलवाल्यांनी मधेच कधीतरी वायची दांडी उलटी बसवली होती, कनेक्टर दुसऱ्या बाजूला यावा म्हणून. त्यांच्या ड्रॉइंगमध्ये ते होतं. इंटरफेस डॉक्युमेंटमध्ये नव्हतं. सॉफ्टवेअर जुन्या डॉक्युमेंटवर, सिम्युलेटरही त्याच डॉक्युमेंटवर. दोघं एकमेकांना 'बरोबर, बरोबर' म्हणत 312 वेळा हिरवे झाले. फ्लॅटसॅटवर कळायचा प्रश्नच नव्हता, टेबलावर दांडी कशीही ठेवलेली असते.

सिम्युलेटरमध्ये मी वायची बाजू खऱ्यासारखी उलटी केली आणि चालवून पाहिलं. गिरक्यांचा आलेख खाली यायच्या ऐवजी वर चढत गेला. आजोबा मागे उभे होते. त्यांनी जपानच्या हितोमीची आठवण काढली: 17 फेब्रुवारी 2016 ला सोडलेली क्ष-किरण दुर्बीण, 26 मार्चला तुटली. आपण फिरतोय असा तिचा चुकीचा समज झाला होता, आणि शेवटी थ्रस्टरना दिलेल्या चुकीच्या आकड्यांमुळे फिरणं थांबायच्या ऐवजी वाढलं. एरियान-5 हे युरोपचं रॉकेट 1996 साली सॉफ्टवेअरच्या चुकीने फुटलं, ती गोष्ट आम्हाला कॉलेजात प्रत्येक पाहुणा सांगून गेला होता. हितोमीची कोणी सांगितली नव्हती.

दुरुस्ती म्हणजे एका तक्त्यात 1 चं उणे 1. त्यासाठी दोषनोंद, बदल-विनंती, सात सह्या आणि सगळ्या टेस्ट रात्रभर पुन्हा. खरा घोळ पुढेच होता. रविवारी सकाळी मी सहज हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या, टेबलाजवळ गेले, तर तिथल्या टेक्निशियनच्या हातात वायच्या कनेक्टरचं नवीन ड्रॉइंग, दोन पिना अदलाबदल केलेल्या. कोणीतरी त्याला सांगितलं होतं, 'वाय उलटा आहे, सरळ करून टाक.' त्याने केला असता, आणि आमचं उणेही आत असतं. दोन्ही दुरुस्त्या मिळून पुन्हा उलटंच. सॉफ्टवेअरवाले विरुद्ध हार्डवेअरवाले अशी तासभर जुंपली. शेवटी ठरलं की बसवलेलं हार्नेस उघडायचं नाही, उणे सॉफ्टवेअरमध्येच राहील, आणि इंटरफेस डॉक्युमेंट त्याच दिवशी बदलायचं. टेक्निशियनने ते ड्रॉइंग माझ्यासमोर फाडलं. तेवढ्यावर मला आजही भरवसा नाही, म्हणून रविवारी संध्याकाळी पुन्हा गाऊन घालून आत गेले. एक्स, दूर. झेड, दूर. वाय, अधिक दिशा: लाल टोक क्षणभर घुटमळलं आणि माझ्याकडे वळलं.

तक्त्यातलं 'विश्लेषणाने' खोडून 'प्रत्यक्ष चाचणीने' लिहिलं आणि खाली सही केली.

सोमवारच्या बैठकीत यावर पाच मिनिटंही गेली नाहीत. फक्त क्वालिटीवाल्याने हात वर केला. चाचणीत वापरलेल्या उपकरणाचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट जोडलेलं नाही, म्हणाला. कुठलं उपकरण, असं मी विचारलं, आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. होकायंत्र आता लॅबच्या कपाटात दुसऱ्या खणात असतं. त्यावर पिवळा स्टिकर आहे: 'कॅलिब्रेशन नाही. फक्त दिशा पाहण्यासाठी.'