मे महिन्यात मुलांना घेऊन युरोपात तंबू ठोकायचा असेल तर

गोव्यातल्या शाळांना मे महिन्यात सुट्टी पडते, आणि युरोपात कॅम्पिंगचा हंगाम तेव्हा नुकताच सुरू झालेला असतो. जागा सहज मिळते, दरही जुलै-ऑगस्टपेक्षा कमी. अडचण एकच, रात्रीचा गारवा. बाराही महिने पंख्याखाली झोपणाऱ्या मुलाला तो कितपत सोसेल, यावरून ठिकाण ठरवावं. स्लोव्हेनियातलं बोहिंज सरोवर सुमारे ५२५ मीटर उंचीवर आहे, इटलीतलं गार्दा जेमतेम ६५ मीटरवर. बोहिंज देखणं खरं, पण पहिल्या खेपेला गार्दाच बरं.

स्लीपिंग बॅगवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तापमानाचे तीन आकडे असतात. बघायचा तो कम्फर्ट, म्हणजे आरामात झोप लागण्याचा. एक्स्ट्रीम म्हणजे कुडकुडत कसाबसा जीव वाचण्याचा आकडा. ही मोजणी प्रौढांना धरून केलेली असते, म्हणून मुलासाठी अपेक्षित तापमानापेक्षा पाचेक अंश खालची बॅग घ्यावी. मोठ्यांची बॅग दिलीत तर पायाकडची रिकामी जागा मुलाच्याच अंगाच्या उबेने तापावी लागते. तो भाग खाली दुमडून दोरीने बांधावा.

एवढं करूनही मूल पहाटे गारठून उठलं, तर बॅगेऐवजी खालची चटई तपासा. अंगाखाली बॅगेतला भराव दबतो आणि सगळी ऊब जमिनीत जाते. चटईवर 'आर' मूल्य, म्हणजे ऊब अडवण्याची क्षमता, छापलेलं असतं. मेसाठी ते किमान ३ हवं. फुगवायची साधी गादी इथे कुचकामी, तिच्यातली हवा आतल्या आत फिरत राहते आणि पाठ गार पडते. थंडी वाजते म्हणून तंबूच्या झडपा बंद करू नयेत. श्वासातली वाफ कापडावर साचते आणि सकाळी बॅगा ओल्या मिळतात.

तंबू घरातलाच नेणार असाल तर आधी आतून हात फिरवून बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावर पडलेल्या तंबूचं पाणी अडवणारं पॉलियुरेथेनचं अस्तर दमटपणाने विरघळत जातं. हाताला चिकट लागलं, आंबूस वास आला किंवा शिवणीवरची पट्टी सुटत असली, तर तो तंबू पाऊस झेलणार नाही. धुऊन उपयोग नाही. तालीम अंगणात करा, पण चिऱ्याच्या कातळावर खुंट्या वाकवत बसू नका, बागेतली मऊ माती शोधा.

गॅसचा डबा विमानात चालत नाही, ना केबिनमध्ये ना चेक-इनमध्ये. तिथे गेल्यावर विकत घ्यायचा, तर आट्यांचा, खटक्याचा आणि टोचून लावायचा असे वेगवेगळे प्रकार असतात आणि एकाची शेगडी दुसऱ्याला बसत नाही. शेगडीही तिथेच घेतली की घोळ मिटतो. निव्वळ ब्यूटेनचा डबा शून्याच्या आसपास मरगळतो, गार पहाटेच्या चहासाठी प्रोपेन मिसळलेला घ्यावा.

खाण्याच्या पिशवीतून चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज), तूप आणि खव्याची मिठाई काढा. बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे. मानकुरादही घरीच राहतील, कारण आंब्याला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सुकी सुंगटं (कोळंबी) नियमात बसतात, पण बंद तंबूत तो वास कोण सहन करणार?

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांसाठी चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे गाठायचा तर फेब्रुवारीत कागद तयार ठेवा. शुल्क प्रौढांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५. बारा पूर्ण झाली की मुलाच्याही बोटांचे ठसे घेतात. विमा किमान ३०,००० युरोचा हवा. मुलाच्या अर्जावर आई-वडील दोघांच्या सह्या लागतात, आणि कॅम्पसाईटच्या आरक्षणावर मुलाचंही नाव घालून घ्यावं.

पहिली रात्र तंबूत नको, विमानतळाजवळ खोली घ्या. भारताची घड्याळं तेव्हा साडेतीन तास पुढे असतात, त्यामुळे मूल पहिले एक-दोन दिवस पहाटे तीन-चारलाच टक्क जागं होतं. कॅम्पसाईटवर सहसा रात्री दहापासून सकाळी सात-आठपर्यंत शांतता पाळतात आणि गाड्यांचं फाटकही बंद असतं. उशीर होणार असेल तर कार्यालयाला दुपारीच फोन करावा, नाहीतर गाडी बाहेर लावून सगळं सामान पाठीवर आत न्यावं लागतं.