तुम्ही विचारलंत म्हणून: नवरीला पांढरी साडी कशी?

गेल्या वर्षी लेकीच्या लग्नाची साडी घ्यायला दादरला गेलो होतो. दुकानातल्या माणसानं लाल, हिरव्या, डाळिंबी साड्या भराभर गादीवर टाकायला सुरुवात केली. मी म्हटलं, "पांढरी दाखवा. काठ निळा असला तर बरं." तो म्हणाला, "आजींसाठी का?" म्हटलं, "नाही, नवरीसाठी." घडी उलगडता उलगडता त्याचा हात थांबला. माणूस सज्जन, तोंडानं काही बोलला नाही. वरच्या फळीवरून गठ्ठा काढून दिला. पण प्रश्न चेहऱ्यावर होताच.

तोच प्रश्न शेजारच्या काकूंनी, ऑफिसातल्या मैत्रिणींनी, व्याह्यांच्या ओळखीतल्या एका बाईंनी मला सरळ विचारला आहे. तुमच्यात लग्नात पांढरं कसं चालतं? पांढरं तर नवरा गेल्यावर नेसतात ना? आणि मग त्याला जोडून: तुमच्या धर्मात कपड्यांचे, वागण्याचे नियम तरी काय असतात? उभ्या उभ्या उत्तर देताना नेहमी अर्धं राहून जातं. आम्ही बौद्ध. म्हणून आज बसून लिहिते.

माझी आजी भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेब आंबेडकरांची धम्मदीक्षा, म्हणजे बौद्ध धम्माचा स्वीकार, झाली, तेव्हा ती विशीत होती. दीक्षेला पांढऱ्या कपड्यांत यायचं, असा निरोप गावात पोचला होता. आजीकडे पांढरं काहीच नव्हतं. तिनं हातातला चांदीचा गोट मोडला आणि एक जाडंभरडं पांढरं सुती लुगडं घेतलं. थोडं चालत, थोडं रेल्वेनं असं करत मंडळी नागपूरला पोचली. कुशीनगरच्या चंद्रमणी महास्थविरांनी बाबासाहेबांना आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांना त्रिशरण (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं) आणि पंचशील (पाच शीलं) दिलं. मग बाबासाहेबांनी स्वतः समोरच्या लाखो लोकांना दीक्षा आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. बाबासाहेब त्या दिवशी पांढरं धोतर आणि पांढऱ्या कोटात होते.

आजी त्या दिवसाबद्दल बोलायला लागली की भाषणाआधी तिला कपडेच आठवायचे. तिच्याबरोबर तिची थोरली जाऊ होती, ऐन तारुण्यात नवरा गेलेली. गावात कुणाच्या ओटीभरणाला तिला बोलवत नसत. आजी म्हणायची, "त्या दिवशी सारेच पांढऱ्यात होते व. कोन सवाशीन, कोन बिननवऱ्याची, कोनाले समजे?" जाऊबाई रांगेत सगळ्यांच्या मध्ये उभी होती आणि कुणी तिला बाजूला हो म्हटलं नाही.

माझं उत्तर खरं तर इथंच आहे. पांढरा रंग शोकाचा, हे आपल्या आजूबाजूच्या समाजानं ठरवलेलं. आम्ही तो घेतला तो दुसऱ्याच अर्थानं, आणि तो अर्थ फार जुना आहे. पाली सुत्तांमध्ये गृहस्थ उपासकांना 'गिही ओदातवसना' म्हटलंय, म्हणजे घरात राहणारे, पांढरी वस्त्रं नेसणारे. भिक्खूंचं चीवर, म्हणजे त्यांचं वस्त्र, रंगवलेलं, संसारी माणसाचं वस्त्र पांढरं, अशी ती ओळख. श्रीलंकेत आजही पौर्णिमेला बायका-पुरुष पांढऱ्यात विहारात जातात. तिथं कुणी त्यांना घरात कोण गेलं असं विचारत नाही.

आता चीवराचं सांगते, कारण त्याबद्दलही खूप विचारतात, "भगवेच ना?" बोधगयेला एक सकाळ बसलात तर कळेल किती रंग आहेत. तिबेटी भिक्खू गर्द लालसर, थायलंडचे केशरी, जपानचे काळे नाहीतर राखाडी, म्यानमारच्या शीलं घेऊन विहारात राहणाऱ्या बायका चक्क गुलाबी. देश, हवामान, परंपरा यांनी रंग बदलले. पण मूळची कल्पना कापडाच्या शिवणीत आहे, आणि ती मला सगळ्यात आवडते. तथागत, म्हणजे बुद्ध, राजगृहाहून दक्षिणागिरीकडे चालले असताना त्यांना बांध घातलेली शेतं दिसली. ते आपल्या आनंद नावाच्या शिष्याला म्हणाले, भिक्खूंसाठी असं चीवर करता येईल का? आनंदानं तुकडे जोडून तसं करून दाखवलं. आजही भंतेजींचं चीवर उन्हात वाळत घातलेलं असतं तेव्हा बघा: मोठा तुकडा, छोटा तुकडा, मध्ये शिवणीचा बांध. कापड मुद्दाम कापायचं, म्हणजे त्याचा कुणाला मोह पडायला नको. चीवरं तीन: कमरेचं अंतरवासक, वरचं उत्तरासंग आणि दुपदरी संघाटी. ते अंगावर घेताना भिक्खूनं मनाशी म्हणायचं असतं की हे फक्त थंडी, ऊन, डास, वारा आणि सरपटणारे जीव यांपासून बचावासाठी, आणि लाज झाकण्यासाठी. एवढंच काम कापडाचं.

दुसरी गोष्ट आहे कोसंबीच्या उदेन राजाची. त्याच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रं दान दिली. राजाला राग आला; हा श्रमण काय कापडाचं दुकान टाकणार आहे का? त्यानं जाऊन विचारलं, एवढ्या वस्त्रांचं करणार काय? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं जीर्ण झालीत त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचं? त्यांची पलंगपोसं करू. जुन्या पलंगपोसांचं? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचं? जमिनीवर अंथरू. ते विरलं की पायपुसणी, पायपुसणी विरली की धूळ झटकायची फडकी. आणि फडकी? त्यांच्या चिंध्या करू, मातीत कालवू आणि त्यानं जमीन लिंपू. राजानं आणखी पाचशे वस्त्रं दिली.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वर्षावासात (भिक्खू एका जागी राहतात त्या पावसाळ्याच्या महिन्यांत), विहारातल्या ग्रंथवाचनानंतर भंतेंच्या तोंडून ऐकली आणि मला आजीचं लुगडं आठवलं. लोकांना वाटतं आम्ही ते पेटीत जपून ठेवलं असेल. नाही ठेवलं. दर पौर्णिमेला, दर चौदा एप्रिलला ती ते नेसली. पदर विरला तेव्हा निळ्या दोऱ्यानं रफू केलं, कारण घरात पांढरा दोरा नव्हता. मग ते गोधडीच्या पोटात गेलं. त्या गोधडीत मी झोपले आहे. निळ्या रफूचा एक हातभर तुकडा तेवढा राहिला होता, त्यानं आई घरातली बुद्धमूर्ती पुसायची. ही गोष्ट ज्यात आहे ते विनयपिटक, भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ, आमच्या घरात कुणी वाचलेलं नव्हतं.

कपड्यांबद्दल आम्ही इतके हळवे का, हेही विचारतात. याचं उत्तर १९२७ च्या डिसेंबरात महाडला आहे. मनुस्मृती जाळली त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायकांशी बोलले. तुमची लुगडं नेसायची पद्धत आणि गळ्यातल्या, हातातल्या दागिन्यांची खूण यांवरून तुम्ही अस्पृश्य आहात हे लांबून ओळखू येतं, ती साक्ष पुसून टाका, असं त्यांनी सांगितलं. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या, हेही सांगितलं. आणि बायकांनी तिथल्या तिथं नेसण बदललं. गुडघ्यापाशी थांबलेलं लुगडं घोट्यापर्यंत आलं. आज कुणाला ही किरकोळ गोष्ट वाटेल. पण काय नेसायचं आणि कुठपर्यंत, हे ज्यांना पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांनी ठरवून दिलं, त्यांच्यासाठी एकोणतीस वर्षांनी नागपूरला नेसलेलं पांढरं वस्त्र स्वतः निवडलेलं होतं. म्हणून "अशुभ नाही का?" हा प्रश्न ऐकला की मला राग येत नाही, पण छातीत काहीतरी हलतं, हे खरं.

आता वागण्याचं. पंचशील सगळ्यांना ऐकून माहीत असतं: जीवहिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं आणि नशापाणी यांपासून दूर राहायचं. पण प्रत्येक शीलाच्या शेवटी 'समादियामि' येतं, तिकडे लक्ष जात नाही. मी स्वीकारते, मी घेते. वरून कुणाची आज्ञा नाही. मोडलं तर शिक्षा करायला कुणी बसलेलं नाही, पुढच्या वंदनेला पुन्हा स्वतःच घ्यायचं. मला हे आज्ञेपेक्षा अवघड वाटतं.

आमच्या आजोबांना दारूचं व्यसन होतं. बावीस प्रतिज्ञांमधली सतरावी दारू न पिण्याची. ती त्यांनी मैदानावर लाखो लोकांबरोबर म्हटली होती आणि गावी आल्यावर काही महिन्यांत मोडली. आजी भांडली नाही. विहारात जायचे कपडे तिच्या पेटीत, किल्ली तिच्या कमरेला. पौर्णिमेच्या आदल्या रात्री आजोबा पिऊन आले, तर सकाळी ती पांढरा सदरा काढून द्यायची नाही. आजोबांना रंगीत सदऱ्यात विहारात जावं लागायचं आणि सगळ्या वस्तीला कळायचं. तीन-चार वर्षं असं चाललं. मग एका वर्षी सलग बारा पौर्णिमा सदरा पेटीतून निघाला, आणि त्यानंतर आजोबांनी दारूला हात लावला नाही. आजी कुठल्या शिबिरात शिकली नव्हती हे. वस्त्र आणि वागणं यांचा संबंध मला जेवढा त्या किल्लीनं कळला, तेवढा कुठल्या प्रवचनानं कळला नाही.

मग दागिने, फुलं, हौसमौज? त्याला मनाई आहे का? नाही. अष्टशील, म्हणजे आठ शीलं, घेतात त्या दिवशी दुपारनंतर जेवायचं नाही, फुलं-अत्तर-दागिने नाहीत, नाचगाणं नाही, उंच मऊ बिछाना नाही. ते त्या एका दिवसापुरतं. एरवी सिगालोवाद सुत्त बघा. राजगृहात ओल्या अंगानं, ओल्या केसांनी सहा दिशांना हात जोडणाऱ्या सिगालाला तथागत सांगतात की आईवडील, गुरू, बायको, मित्र, कामकरी माणसं आणि श्रमण या खऱ्या सहा दिशा. त्यात नवऱ्यानं बायकोसाठी करायच्या पाच गोष्टी आहेत: तिचा मान ठेवणं, तिला हिणवून न बोलणं, तिच्याशी बेइमानी न करणं, घरातला अधिकार तिच्या हाती देणं, आणि तिला दागिने देणं. हो, दागिनेसुद्धा! माझ्या लेकीच्या लग्नात लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी याच पाच गोष्टी जावयाकडून म्हणून घेतल्या. चौथीला त्याचा आवाज जरा बारीक झाला, तेव्हा त्यांनी त्याला ती पुन्हा म्हणायला लावली. मला ते फार योग्य वाटलं.

कुंकू, मंगळसूत्र यांबद्दल आमच्यात एकसारखं नाही. कुणी घालतं, कुणी नाही, आणि त्यावरून घराघरांत वादही होतात. माझं मत विचाराल तर ज्या खुणेनं नवरा असलेली आणि नसलेली अशा दोन रांगा होतात, ती मी लेकीच्या अंगावर घातली नाही. तिनंही मागितली नाही.

मुलगा बारावीनंतर दहा दिवसांच्या श्रामणेर (नवशिक्या भिक्खूच्या) शिबिराला गेला होता. डोकं मुंडलं, चीवर आलं. पहिले दोन दिवस ते खांद्यावरून घसरायचं आणि त्याचा एक हात सतत ते सावरण्यात जायचा. भंते म्हणाले, सावरत राहा, म्हणजे धावणार नाहीस. चौथ्या दिवशी आमच्याच वस्तीत भिक्षेला आले. मी त्याच्या पात्रात भात वाढला आणि वाकून पाया पडले. त्यानं मान वर केली नाही. दुपारनंतर न जेवणारा तो, एरवी रात्री अकराला फ्रिज उघडून उभा असतो.

लग्नात साडी छान दिसली. अक्षतांऐवजी पाकळ्या पडल्या, जयमंगल अष्टगाथा, बुद्धाच्या विजयाच्या आठ गाथा, झाल्या, सगळे तीनदा साधु म्हणाले. काकूही आल्या होत्या, पहिल्या रांगेत बसून त्यांनी सगळं नीट पाहिलं. जेवताना कुणाच्या तरी ताटातलं वरण लेकीच्या निऱ्यांवर सांडलं. लिंबू, साबण, ऊन, सगळं करून पाहिलं. हळदीचा फिका पिवळा डाग राहिलाच. या वर्षावासात ती तीच साडी नेसून ग्रंथवाचनाला येते, डाग निऱ्यांत आत घेऊन.