घारी कुठल्या बाजूने फिरतायत?

ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवायला शिकलेल्या आमच्या ग्रुपवर सकाळी गुलाबाचं फूल येत नाही. दुपारी बाराच्या सुमाराला पुणे विमानतळाचा हवामानाचा अहवाल येतो, जसाच्या तसा, कोडमध्ये. वाऱ्याची दिशा, वेग, आणि मधे तिरकी रेघ मारून तापमान नि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं): ३४/१४. खाली ग्रुपमधल्या वयस्कर काकांचा एकच शब्द, "आठ." चौतिसातून चौदा गेले वीस, अंशाला साधारण चारशे फूट धरायचे, म्हणजे आज ढग जमले तर त्यांचा तळ जमिनीपासून आठ हजार फुटांवर. मग कुणीतरी खोडसाळपणे मुंबईचे आकडे टाकतं, ३३/२४. काका लिहितात, "साडेतीन. बाकीचं पाणी बनियनमध्ये."

ग्रुपमध्ये आम्ही चौदा जण. कधी ना कधी हडपसरला ग्लायडर शिकलेले, बहुतेक मुंबईचे. आज त्यातला उडणारा एकच, आणि तो जर्मनीत असतो. उरलेल्या तेरांना आठ हजार फुटांवरच्या ढगाचा काडीचा उपयोग नाही. तरी एखाद्या दिवशी अहवाल आला नाही, तर एक वाजेपर्यंत तिघं विचारतात, "काका बरे आहेत ना?"

मी शिकत होतो तेव्हा शनिवारी पहाटे चेंबूरहून निघून दादरला इंद्रायणी पकडायची. उतरल्यावर रिक्षा, मग उन्हात रांग. शिकण्यातला मोठा भाग म्हणजे दुसऱ्याचं ग्लायडर ढकलणं, पंखाचं टोक धरून पळणं आणि ग्लायडर ओढून वर चढवणाऱ्या विंचच्या दोराकडे बघत उभं राहणं. खरी माहिती तिथेच मिळायची. नुकताच उतरलेला माणूस हेल्मेट नसलेलं डोकं पुसत सांगायचा, "त्या पत्र्याच्या शेडवर आहे, पण अरुंद आहे." काय आहे ते सांगायची गरज नसे. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा, थर्मल. तीच आमची पेट्रोल-टाकी.

काकांच्या तरुणपणी किती उंच गेलात हे सिद्ध करायला बॅरोग्राफ असे. चावीचं घड्याळ, त्यावर फिरणारा पिंप, पिंपावर काजळी धरलेला कागद आणि त्यावर ओरखडा काढणारी सुई. वर सील. वळणाची जागा गाठल्याचा पुरावा म्हणून खिडकीतून कॅमेऱ्याने फोटो. रुपेरी बॅजसाठी पन्नास किलोमीटर अंतर, पाच तास हवेत आणि हजार मीटरचा चढ लागतो, आणि यातली उंची नि वेळ त्या काजळीवर उमटायला हवी असे. "कागदाला बोट लागलं की मेहनत पुसली," काका सांगतात, आणि सांगताना आजही बोटं वर धरतात. आता दर काही सेकंदांनी जागा नि उंची टिपणारी एक छोटी फाईल होते, तिच्यावर डिजिटल सही असते आणि एक आकडा बदलला तरी तपासणीत पकडला जातो. जर्मनीवाला रविवारी रात्री त्या फाईलचं चित्र पाठवतो. नकाशावर मुलाने पेन्सिल चालवून बघितल्यासारखी रेघोटी. आम्ही तेरा जण ती मोठी करून बघतो आणि त्याला सल्ले देतो. इथे उगाच एक वेढा जास्त घेतलास. इथे थांबायला हवं होतंस. घरी बसून उडवण्यात आमचा हात धरणारा कुणी नाही.

त्याच्याकडे फ्लार्म नावाचं यंत्र आहे. २००४ साली स्वित्झर्लंडमध्ये निघालं, ग्लायडर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून. प्रत्येक जण रेडिओवरून आपली जागा सांगत राहतो, धोका असला तर यंत्र ओरडतं. पण माणूस तो माणूस. त्यात दुसरा किती वेगाने वर चढतोय हेही दिसतं म्हटल्यावर स्पर्धेतले लोक ढगाऐवजी पडद्याकडेच बघायला लागले. ज्याने थर्मल शोधलं त्याच्या मागे जळवांसारखे चिकटायचे. मग आपली माहिती अर्धवट लपवायची सोय त्याच यंत्रात द्यावी लागली.

मला यात गंमत वाटते, कारण आकाशात हे गुपित मुळातच ठेवता येत नाही. चढती हवा सापडली की तिच्यात गोल फिरावंच लागतं, आणि फिरायला लागलं की लांबवरून दिसतं. लोकलमध्ये चौथी सीट मिळवलेला माणूस निदान गप्प बसू शकतो.

माझं स्वतःचं तंत्रज्ञान एकदाच वापरून झालं. फोनवर एक्ससीसोअर नावाचं ॲप टाकलं होतं, फुकट मिळतं, नकाशा, वारा, परत पोचण्यापुरती उंची, सगळं दाखवतं. मांडीला पट्ट्याने बांधला. काचेच्या झाकणाखाली एप्रिलचं ऊन. दोर सुटला आणि दोन मिनिटांत पडद्यावर तापमापीचं चित्र आलं, फोन बंद. समोर काचेवर चिकटवलेला लोकरीचा तांबडा धागा तेवढा सरळ मागे उडत होता, म्हणजे ग्लायडर तिरकं सरकत नव्हतं. तेवढ्यात डावीकडे, पंख न हलवता, एक घार. मी वळलो. व्हॅरिओची, म्हणजे आपण चढतोय की उतरतोय ते सांगणाऱ्या यंत्राची, बारीक टिवटिव सुरू झाली, मग चढत गेली. मागच्या सीटवरून सर म्हणाले, "तिच्याच बाजूने फीर. आधी आलेल्याची बाजू, हा नियम आहे." चारशे फूट मिळाले. घारीने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

परवा दुपारी गच्चीवर वाळवण काढायला गेलो, तर देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराच्या बाजूला पन्नासेक घारी, एकावर एक, जिना चढल्यासारख्या. त्या कचऱ्यापाशी १९२७ पासून जेवण मिळतंय आणि वर जायला गरम हवाही. फोटो काढून ग्रुपवर टाकला.

काकांचं उत्तर लगेच आलं, "कुठल्या बाजूने?"

मी बघितलंच नव्हतं. पापडांची चादर तशीच टाकून कठड्याशी गेलो. तोवर खारा वारा सुरू झाला होता, शर्ट पाठीला चिकटायचा थांबला होता, आणि वरचा जिना मोडला होता. चार-पाच घारी खाली पाण्याच्या टाकीवर बसल्या होत्या.

"उतरल्या," मी लिहिलं.

"वेळ?" काकांनी विचारलं.