एकाच ड्राइव्हवर फ्लॉपी कॉपी करायचा माझा अनुभव

इतकी वर्षं झाली तरी त्या लॅबचा राग गेलेला नाही. १९८९ ला पुण्यात कॉम्प्युटर क्लासला होतो. आमच्या वाट्याला पीसी एक्सटी (तेव्हाचा पर्सनल कॉम्प्युटर), रॅम म्हणजे मेमरी २५६ केबी, सव्वापाच इंची फ्लॉपीचा (फाइली ठेवायची काढता-घालता येणारी चकती) एकच ड्राइव्ह, हार्ड डिस्क नाही. डॉस (कमांड टाइप करून मशीन चालवायची सिस्टिम), बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा, सगळं नीट झालं. अडलं ते शेवटी, प्रोजेक्ट जमा करताना.

सगळ्यांच्या फाइली क्लासच्या एकाच फ्लॉपीवर टाकायच्या होत्या. तिच्यावर आधीच इतरांचं काम, त्यामुळे डिस्ककॉपी (अख्खी फ्लॉपी जशीच्या तशी उतरवणारी कमांड) मारायची सोयच नाही, ती आधीचं सगळं घालवते. मग उरली कॉपी कमांड. ड्राइव्ह एकच असला की डॉस त्यालाच ए म्हणतं आणि त्यालाच बी. एक फाइल वाचून झाली की स्क्रीनवर ‘इन्सर्ट डिस्केट फॉर ड्राइव्ह बी’, मग ड्राइव्हची दांडी फिरवा, फ्लॉपी काढा, दुसरी घाला, दांडी लावा, बटण दाबा, खर्र खर्र, आणि लगेच ड्राइव्ह ए ची मागणी. हे प्रत्येक फाइलला! माझ्या फाइली दोन-तीन केबीच्या, सगळ्या मिळून मेमरीत आरामात मावल्या असत्या, पण ती कमांड एका वेळी एकच उचलते. मागे पोरं खोळंबलेली, आणि शेजारच्या केबिनमधे २० एमबी हार्ड डिस्कचं मशीन कव्हर घालून ठेवलेलं. तिथे एकदाच फ्लॉपी बदलून काम झालं असतं. सर म्हणाले, व्हायरस येईल. तेव्हा धास्ती होती ब्रेनची, लाहोरहून १९८६ मधे निघालेला, पण तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधे (मशीन चालू होताना वाचला जाणारा पहिला भाग) बसायचा, हार्ड डिस्कच्या वाटेलाच जात नव्हता. हे सांगूनही उपयोग झाला नाही.

शेवटी मार्ग सापडला डॉसच्या मॅन्युअलमधे. बूट फ्लॉपीवरच्या (जिच्यावरून मशीन चालू होतं ती) कॉन्फिग डॉट सिस या सेटिंगच्या फाइलमधे ‘डिव्हाइस=रॅमड्राइव्ह.सिस’ ही एक ओळ लिहून मशीन परत चालू केलं की मेमरीतच ६४ केबीचा सी ड्राइव्ह तयार होतो (आयबीएमच्या डॉसमधे तीच फाइल व्हीडिस्क.सिस). सगळ्या फाइली आधी सी वर घेतल्या, फ्लॉपी बदलली, सी वरून ए वर टाकल्या, संपलं. इतका आनंद रिझल्टच्या दिवशीही झाला नाही.

कुणी जुना एक्सटी चालू करत असाल तर हेच करा. आणि हो, ज्या फ्लॉपीवरून कॉपी करताय तिच्या कडेच्या खाचेवर आधी पट्टी चिकटवा, म्हणजे घाईत तीच आत राहिली तरी डॉस ‘राइट प्रोटेक्ट’ ओरडतं, तिच्यावर काही लिहीत नाही. कमांड डॉट कॉम (आपल्या कमांड चालवणारा डॉसचा प्रोग्राम) पण सी वर टाकून कॉमस्पेक (तो कुठे आहे ते सांगणारी सेटिंग) तिकडे वळवा, म्हणजे मोठा प्रोग्राम बंद केल्यावर बूट फ्लॉपी परत मागत नाही. फक्त लाइट गेली की सी वरचं सगळं जातं, तेव्हा लगेच फ्लॉपीवर उतरवून घ्या.