घड्याळ, वही आणि आमचं मशीन शॉप

आबांनी १९९४ च्या दसऱ्याला कोल्हापूरच्या उद्यमनगरात, भाड्याच्या गाळ्यात, एक जुनं लेथ मशीन बसवलं. त्याआधी सोळा वर्षं ते ऑइल इंजिनच्या कारखान्यात टर्नर होते. आमच्याकडच्या बऱ्याच कारखान्यांची कुळकथा अशीच आहे. ऊस आला, उसाला पाणी हवं म्हणून पंप आले, पंपाला इंजिन लागलं, इंजिन दुरुस्त करता करता माणसं ते बनवायला शिकली आणि त्याच्या ओतीव भागांसाठी फाउंड्र्या उभ्या राहिल्या. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं उद्यमनगरात आजही आदरानं घेतली जातात. आमचं काम त्या साखळीतलं शेवटून दुसरं. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही त्याचं मशीनिंग करतो आणि ते पुण्याला गाडीच्या कंपन्यांना माल देणाऱ्यांकडे जातं. २००३ मध्ये आम्ही गोकुळ शिरगाव एमआयडीसीत स्वतःच्या शेडमध्ये आलो. आज चौतीस माणसं आहेत.

मी सांगलीला प्रॉडक्शन इंजिनिअरिंग केलं आणि २००९ मध्ये घरी परतले. वेळ वाईट होती. २००८ च्या दिवाळीनंतर गाड्यांच्या ऑर्डरी अचानक आटल्या होत्या आणि आबांनी त्याच वर्षी कर्ज काढून दोन व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशीनं, घेतल्या होत्या. हप्ता महिन्याच्या महिन्याला जायचाच. हळूहळू काम परत यायला लागलं तेव्हा आबांचं एकच म्हणणं होतं, मशीन पळवा.

मीही तेच केलं. हत्यार फिरवणाऱ्या स्पिंडलचा वेग वीस टक्क्यांनी वाढवला. दोन दिवस आकडा वाढलेला दिसला. मग इन्सर्टचं, म्हणजे हत्याराच्या टोकाला बसवायच्या कापणाऱ्या पात्याचं, बिल आलं. कॉलेजात टेलरचं समीकरण पाठ केलं होतं, परीक्षेत गणितही सोडवलं होतं. फ्रेडरिक टेलरनं धातू कापण्याचे प्रयोग सव्वीस वर्षं चालवले आणि १९०६ मध्ये त्यांचे निष्कर्ष अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांपुढे मांडले. वेग आणि हत्याराचं आयुष्य यांचं नातं सरळ नसतं, हा त्यातला गाभा. कार्बाइडच्या हत्यारांसाठी नेहमी घेतात तो घातांक घेतला तर वीस टक्के वेग वाढवल्यावर इन्सर्ट निम्म्याहूनही कमी वेळ टिकतं. आमच्या भंगाराच्या डब्यात नेमकं तेच साठत होतं. पुस्तकातलं समीकरण आणि आपला डबा यांची गाठ मी तोपर्यंत घातलीच नव्हती.

त्यानंतर मी एक साधी गोष्ट केली. एक वही घेतली आणि आठवडाभर एका व्हीएमसीपाशी बसून राहिले. दोन शिफ्ट, सहा दिवस, म्हणजे ९६ तास. त्यात हत्यार प्रत्यक्ष धातू कापत होतं फक्त ४१ तास. आम्ही त्या ४१ तासांत वेग वाढवत होतो आणि उरलेल्या ५५ तासांकडे कुणी बघतच नव्हतं. त्यातले बावीस तास गेले होते सेटिंगमध्ये. एक जॉब उतरवून दुसरा चढवायला सरासरी तीन तास दहा मिनिटं, आणि असं आठवड्यातून सात वेळा.

जपानच्या शिगेओ शिंगो यांनी याच विषयावर आयुष्य घातलं. १९५० मध्ये हिरोशिमात मोटारीच्या एका कारखान्यातल्या प्रेसपाशी उभं राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सेटिंगचे दोन भाग असतात. काही कामं मशीन बंद ठेवूनच करावी लागतात, काही मशीन चालू असतानाही आटोपता येतात. १९६९ मध्ये टोयोटात हजार टनी प्रेसचं सेटिंग चार तासांवरून आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं गेलं. मला वाटलं, आपण वाचलंय, आपण करू.

पहिला प्रयत्न फसला आणि तो माझ्यामुळे फसला.

आमच्याकडे एक सेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. आबांबरोबर उद्यमनगरच्या गाळ्यापासूनचे. कास्टिंगवर नुसती नखं वाजवून ते तडा गेलेला जॉब ओळखायचे. मी एका सकाळी स्टॉपवॉच आणि पॅड घेऊन त्यांच्यामागे उभी राहिले, आधी एक शब्दही न बोलता. दुपारपर्यंत मामा काही बोलले नाहीत. जेवायच्या सुट्टीत ऑफिसच्या दारात आले.

“ताई, तुम्हाला या खांद्यावर बसवून गाळ्यात फिरवलंय. आता माझ्यावर घड्याळ लावताय व्हय? काय चोरलं मी?”

मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या शॉपमध्ये काम जड झालं. कुणी काही बिघडवलं नाही, पण मी जवळ गेले की पाना हळू फिरायचा. वर्क स्टडी (कामाच्या वेळेचं मोजमाप) म्हणजे दर कापण्याची तयारी, ही समजूत कामगारांच्या मनात उगाच तयार झालेली नाही. शंभर वर्षांत ती अनेक ठिकाणी खरी ठरलेली आहे. टेलरच्याच पद्धतीवरून अमेरिकेत १९११ मध्ये वॉटरटाउनच्या शस्त्रागारात ओतारी कामगारांनी संप केला होता. निमित्त होतं स्टॉपवॉचचं. हे मी शिकले होते, आणि तरीही तीच चूक मी आमच्या मामांशी केली.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. माफी मागितली. म्हटलं, मामा, वेळ तुमचा मोजायचा नाही, जॉबचा मोजायचाय. तुम्ही सांगा, तुम्हाला कुठं थांबावं लागतं? मामांनी चहा थंड होईपर्यंत सांगितलं. क्रेन शेडच्या दुसऱ्या बेवर असते. टी-बोल्ट तीन लांबीचे आणि तिन्ही एकाच डब्यात. पहिला पीस काढला की इन्स्पेक्टरची वाट बघायची, तो डिस्पॅचला असतो. फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारी चौकट) धुवायचं, कारण मागच्यानं धुतलेलं नसतं. माझ्या स्टॉपवॉचनं एका सकाळी जे टिपलं होतं त्याच्या कितीतरी पट जास्त त्या अर्ध्या तासात मिळालं.

मग मोबाइलवर चित्रीकरण केलं ते मामांनीच धरायला लावलेल्या कोनातून, आणि बघायला बसलो सगळे मिळून, सेटर, ऑपरेटर, हेल्पर, इन्स्पेक्टर. १९० मिनिटांपैकी १०४ मिनिटांची कामं मशीन चालू असताना करता आली असती. ट्रॉलीवर पुढच्या जॉबची हत्यारं लावून ठेवणं, फिक्स्चर आधीच धुणं, इन्स्पेक्टरला दहा मिनिटं आधी निरोप. यात एक रुपयाची मशिनरी नव्हती. उरलेल्या वेळेसाठी मात्र खर्च आला. सगळ्या फिक्स्चरच्या तळाला एकसारख्या लोकेटिंग पिना बसवल्या, क्लॅम्पची उंची एक केली, म्हणजे बोल्टही एकाच लांबीचे लागले. दीड वर्षानं सेटिंग ४८ मिनिटांवर आलं. त्याची पद्धत कागदावर लिहिली मामांनी, स्वतःच्या अक्षरात.

यातून पुढचा प्रश्न उभा राहिला तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वाचलेल्या वेळेचं करायचं काय? आबा म्हणाले, जास्त माल काढा. पण गिऱ्हाईक जास्त माल घेत नव्हतं, वेळेवर माल मागत होतं. एका खेपेला किती नग काढावेत याचं सूत्र फोर्ड हॅरिसनं १९१३ मध्ये मांडलं. त्यात बॅचचा आकार सेटिंगच्या खर्चाच्या वर्गमुळाबरोबर बदलतो. सेटिंग चौथाईवर आलं तर बॅच निम्मी करावी. आमचं जवळपास चौथाईवरच आलं होतं. साठाची बॅच तीसवर आणली. सेटिंगची संख्या आठवड्याला सातावरून चौदा झाली, तरी त्यात जाणारे तास बावीसवरून साधारण अकरावर आले.

आणि शॉप रिकामं दिसायला लागलं. आबांना ते सहन होईना. त्यांच्या दृष्टीनं मशीनपाशी जॉबची थप्पी म्हणजे भरलेलं घर. मी त्यांना जॉन लिटलचा नियम सांगितला, १९६१ मध्ये त्यांनी त्याची सिद्धता दिली. शॉपमध्ये अडकलेला माल भागिले रोज बाहेर पडणारा माल, म्हणजे एका जॉबला आत घालवावे लागणारे दिवस. आमच्याकडे बाराशे नग अडकलेले असायचे, रोज दीडशे बाहेर पडायचे. आठ दिवस. आता सहाशे अडकतात, बाहेर तेवढेच पडतात. चार दिवस. कुणी जास्त पळालं नाही, तरी माल चार दिवस आधी पोचला. आबांनी ते वहीच्या मागच्या पानावर स्वतः मांडून पाहिलं आणि मान हलवली.

तरी साठा शून्याकडे न्यावा असं मी आता म्हणत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीपाशी महामार्गावर आलं आणि पुण्याची वाट कित्येक दिवस बंद राहिली. आमच्याकडे तयार माल होता, पण गिऱ्हाइकाच्या दारात नव्हता. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. जपानी पुस्तकांतल्या आकृतीत पंचगंगा नाही. तेव्हापासून जूनच्या अखेरीला आम्ही दहा दिवसांचा माल पुण्याला एका गोडाउनमध्ये ठेवतो. भाडं जातं. जाऊ दे.

एका कास्टिंगची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बेअरिंग हाउसिंगचा एक जॉब होता, एका बाजूला पातळ फ्लँज (बाहेर आलेली कड). त्या फ्लँजवर आठवड्याला नऊ-दहा इन्सर्ट तुटायची. रात्रपाळीच्या मुलावर आळ आला, त्याला दोनदा बोलणी बसली. त्याच सुमारास एम.टेक.चा एक विद्यार्थी प्रोजेक्टसाठी आला होता. त्यानं एकच नियम घातला. इन्सर्ट तुटलं की कारण लिहायचं नाही, फक्त कास्टिंगवरचा हीट नंबर, म्हणजे ते भट्टीतल्या कुठल्या घाण्याचं आहे तो क्रमांक, आणि वेळ लिहायची. सहा आठवड्यांनी दिसलं की तुटणं कुठल्याच पाळीशी बांधलेलं नाही, ते काही हीटशी बांधलेलं आहे, आणि त्या हीटमधलेही सगळे जॉब वाईट नाहीत.

फाउंड्रीचे मालक समजूतदार होते. त्यांच्या मोल्डरनी ओतण्याआधी साच्याच्या वाळूत क्रमांक कोरायला सुरुवात केली, म्हणजे लॅडलमधून (वितळलेला धातू ओतायच्या भांड्यातून) कितव्या नंबरला ओतलं ते कास्टिंगवर उठून यायचं. पहिले दहा साचे चांगले. त्यापुढचे कडक, पातळ कडेला तर पांढरं बीड (कडक, ठिसूळ ओतीव लोखंड) झालेलं. लॅडल रिकामं व्हायला चौदा मिनिटं लागत होती. बीडात ग्रॅफाइट नीट तयार व्हावं म्हणून जे फेरोसिलिकॉन टाकतात त्याचा परिणाम मिनिटागणिक ओसरत जातो, आणि पातळ भाग लवकर थिजत असल्यामुळे फटका आधी तिथंच बसतो. त्यांनी लॅडल लहान केलं आणि ओततानाच्या धारेत थोडं फेरोसिलिकॉन सोडायला सुरुवात केली. आठवड्याला तुटणाऱ्या इन्सर्टचा आकडा एकावर आला. रात्रपाळीच्या त्या मुलाची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. तो आज आमचा सुपरवायझर आहे.

त्याच विद्यार्थ्यानं आम्हाला कंट्रोल चार्टची, म्हणजे मोजमापं ओळीनं आलेखावर मांडून नेहमीचा आणि वेगळा फरक ओळखण्याची, सवय लावली. अमेरिकेच्या वॉल्टर शूहार्टनं १९२४ मध्ये बेलच्या टेलिफोन उद्योगासाठी ही कल्पना मांडली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून तो भारतातही येऊन गेला. आमच्या ७२ मिलिमीटरच्या बोअरला (भोकाला) एच७ या मापाच्या श्रेणीप्रमाणे तीस मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या तीन शतांशांची, मुभा असते. ऑपरेटर प्रत्येक जॉब मोजून हत्याराची जागा ठरवणारा ऑफसेट दोन-तीन मायक्रॉननं हलवायचे, अगदी मनापासून, काम चांगलं व्हावं म्हणून. चार्टवर दिसलं की हे हलवणंच फरक वाढवतंय. हात मागे घ्यायला शिकवणं हे या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम होतं. चांगल्या कारागिराला “काही करू नका” हे सांगायला धीर लागतो.

विद्यार्थी आता दरवर्षी येतात. मी त्यांना एकच अट घालते, पहिला आठवडा दुसऱ्या पाळीत काढायचा, लॅपटॉप न उघडता. काहींना ते पटत नाही आणि ते दुसरीकडे जातात. माझी तक्रार त्यांच्यापेक्षा पद्धतीविषयी जास्त आहे. डिसेंबरात विषय ठरतो, मे महिन्यात अहवाल जातो, आणि सुधारणा टिकली का हे पाहायला जूनमध्ये कुणी नसतं. सेटिंगच्या वेळा सहा महिन्यांनी पुन्हा वाढतात, हे मी दोनदा पाहिलं आहे. ते का वाढतात, यावर कुणी तरी नेटानं अभ्यास करावा. आमचा दरवाजा उघडा आहे, आणि चौदा वर्षांच्या वह्याही. त्यात आमच्या चुका आहेत तशाच ठेवल्या आहेत. गिऱ्हाईक बघेल म्हणून कित्येक छोटे कारखाने रिजेक्शनचा खरा आकडा लपवतात, मग संशोधकाला खोटा आकडा मिळतो आणि त्यावरचं उत्तरही आपल्या कामाचं राहत नाही.

मामा तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांच्या अक्षरातला सेटिंगचा कागद आम्ही लॅमिनेट करून मशीनपाशी लावलाय. टाइप केलेली प्रत आहे, पण मुलं वाचतात तो मामांचा कागदच.

सध्या एका पातळ भिंतीच्या जॉबवर अडलो आहोत. क्लॅम्प असताना बोअर गोल मोजतो, क्लॅम्प सोडला की बारा मायक्रॉननं लंबगोल होतो. क्लॅम्प आवळायला आता टॉर्क पाना दिलाय आणि आवळण्याच्या तीन पातळ्यांवर पंचवीस-पंचवीस जॉब मोजायला घेतलेत. दोन पातळ्या झाल्या. तिसरीचे नऊ जॉब राहिलेत, ते उद्याच्या पहिल्या पाळीत होतील. मामांनी फोन करून सांगितलंय की आकडे कळवा.